ताप आलेला आड

मित्रांनो, या, जरा वाकून बघा. घाबरू नका. माझ्या तोंडावर दगडी फरशी आहे, तुम्ही आत पडणार नाही. फरशीच्या कोपऱ्याला बोटभर फट राहिली आहे, तिथून माझा आवाज तुम्हाला ऐकू येत असेल. मी या वस्तीचा आड. सोलापुरात सात रस्त्याकडून माळाच्या दिशेने निघालात, की गिरण्यांची धुराडी मागे पडतात आणि ही छपरांची वस्ती लागते. तिच्या मधोमध मी आहे. वय म्हणाल तर माझे फार नाही. पण आजारपणाने माणूस लवकर म्हातारा दिसतो, तसे माझे झाले आहे. म्हणून सगळे मला जुना आड म्हणतात.

मला खोदले ते ज्ञानबाने. माढ्याकडे पाऊस पडेना, तेव्हा तो बायकोला आणि पोराला घेऊन गिरणीत कामाला आला. त्याच्यासारखीच आणखी कुटुंबे आली आणि माळावर छपरे उभी राहिली. पाणी मात्र लांब होते. मग सुटीच्या दिवशी बाप्यांनी पहारी उचलल्या. ज्ञानबाचा शेजारी कासीम हा सुताला रंग देणाऱ्या कारखान्यात रंगारी होता. कोपरापर्यंत लाल झालेले त्याचे हात मुरूम उपसायला सर्वांत पुढे असत. मुरूम संपला, खडक लागला, शिव्याही पुष्कळ झाल्या. शेवटी मावळतीच्या अंगाला खडकाच्या चिरेतून पाणी झिरपू लागले.

ज्ञानबाने ओंजळ भरून चव घेतली आणि वर तोंड करून ओरडला, "गोड हाय की!"

कासीमनेही एक घोट घेतला. "सरबत हाय, सरबत!" तो म्हणाला.

त्या दिवसापासून मी जो फुगलो, तो काही दिवस कोणाला आवरलो नाही. मित्रांनो, आडाने गर्व करू नये हे मला कळते. पण तुम्हीच सांगा, माझ्या पाण्यात तुरीची डाळ चुलीवर चढवली, की बघता बघता शिजून गाळ होई. बायका पाण्याची पारख डाळीवरून करतात. ही बातमी पलीकडच्या वस्तीत गेली, तेव्हा तिथल्या बायका घागरी घेऊन माझ्या काठावर येऊ लागल्या. मग आमच्या वस्तीतल्या बायका नाक मुरडत आणि तरीही पोहरा त्यांच्या हाती देत.

त्यातही मला सर्वांत आवडे तो पाणी पुजायचा दिवस. घरात मूल जन्मले, की सव्वा महिन्याने बाळंतीण बाळाला घेऊन माझ्याकडे येते. काठावर पाच खडे मांडून त्यांना हळदकुंकू वाहतात. मग बाळंतीण स्वतः पोहरा ओढते आणि सासू त्या पाण्याने बाळाचे ओठ ओले करते. त्या काळात वस्तीतल्या प्रत्येक लेकराला पहिले पाणी मीच पाजले. ज्ञानबाचा नातू भीमा तर पाण्याचा थेंब ओठाला लागताच मिटक्या मारू लागला होता. त्याची आजी सोनाबाई सगळ्यांना घुगऱ्या वाटताना तेच तेच कौतुक सांगत होती. आईपेक्षा तिच्याच अंगाखांद्यावर तो जास्त असे.

आता दुःखाचे सांगतो. मावळतीच्या अंगाला दगडाची एक जुनी खाण होती. रस्त्यासाठी दगड काढून नेला आणि खड्डा तसाच पडून राहिला. एके दिवशी शहराकडून एक कारकून आला. शहराचा केर या खड्ड्यात टाकायचा आहे, वस्तीची काही हरकत आहे का, असे त्याने विचारले. हरकत घेतली असती तर कोणी मानली असती की नाही, देव जाणे. पण माझी माणसे हरकत घेणारी नव्हती. ती तर खूश झाली!

तुम्ही शहरात वाढलेली मुले असाल, तर तुम्हाला नवल वाटेल. खेड्यात घराच्या मागे उकिरडा असतो. शेण, काडीकचरा, राख त्यात पडते, कुजते आणि त्याचे खत होते. त्या खतावर ज्वारी पिकते. म्हणून उकिरडा म्हणजे लक्ष्मी. दिवाळीत त्याच्यावरही एक पणती लावतात. माझी माणसे गिरणीत कामाला आली होती, पण मनाने अजून शेतातच होती.

"समद्या शहराचा उकिरडा आपल्या दारात यायलाय," सोनाबाई म्हणाली. "लक्ष्मी येतिया, तिला नगं कसं म्हनायचं?"

ज्ञानबाने तर पुढेमागे तिथले खत विकत मागायचे आणि माळावर भाजी लावायची, असा बेतही केला. पहिल्या दिवाळीला सोनाबाईने खड्ड्याच्या कडेला पणती ठेवली आणि हात जोडले. मीही मनातल्या मनात हात जोडले. मला तरी काय ठाऊक होते?

गाड्या रोज येऊ लागल्या. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज गोड होता, गाडीतला माल मात्र तसा नव्हता. शेण-काडी थोडी, आणि बाकी काय काय! फुटक्या बाटल्या, कोळशाची राख, दवाखान्यातल्या पट्ट्या, मेलेली कुत्री, रंगाच्या हौदांच्या तळाचा गाळ. ते कुजेना, त्याचे खत होईना. वरचा ढीग पेटवून देत, तो दिवसचे दिवस धुमसत राही. मावळतीचा वारा सुटला की वस्तीतली लेकरे खोकत उठत. भाकरीवर माशा इतक्या बसत, की खायला बसलेल्या माणसाचा एक हात त्या हाकलण्यातच जाई. म्हाताऱ्यांचे डोळे चुरचुरत, लहानांच्या अंगावर खरूज उठे. तरी दर दिवाळीला सोनाबाईची पणती तिथे लागत होती.

माझ्यात काय बदलले ते आधी डाळीला कळले. ती शिजेना. पाण्याला उग्र वास येऊ लागला. पावसाळ्यात वस्तीत हगवण लागली आणि बरीच माणसे आडवी झाली. मोठी माणसे सावरली. भीमा सावरला नाही. नुकता धावायला लागला होता तो. सोनाबाई रोज माझ्याकडे येई, पोहरा सोडे आणि तो ओढायचेच विसरून नुसती उभी राही. मित्रांनो, दोष कोणाचा ते मी सांगत बसत नाही. पण भीमाने शेवटपर्यंत मागितले ते पाणी माझेच होते. ते आठवले की अजून माझे पाणी थरथरते.

वस्तीने बसून विचार केला आणि सगळ्यांचे एकमत झाले, की आड रुसला आहे. आता रुसलेल्याला काय करतात? खाऊ घालतात. झाले! माझ्यात नारळ पडू लागले, फुले पडू लागली, दहीभाताचे गोळे पडू लागले. एका अमावास्येला तर अख्खी पुरणपोळी आली. मला त्या माणसांची माया कळत होती, पण पोळी काही पचत नव्हती. ती आत फुगून आंबली आणि वास आणखी वाढला. मग आड अजून रागावला आहे म्हणून दुप्पट नारळ पडले. रंगारी कासीम तेवढा कामावरून येताना कारखान्याच्या नळाची एक कळशी भरून आणू लागला. बाकीच्यांना तेवढ्या लांबून पाणी आणायला वेळ नव्हता, आणि रुसलेल्या आडाला आणखी दुखवायला मन धजत नव्हते.

भीमा गेल्याच्या पुढच्या साली ज्ञानबाच्या सुनेला मुलगी झाली. सून म्हणजे जगदेवी, अक्कलकोटच्या पलीकडची. तिला मराठी येई, पण घाबरली की तिच्या तोंडून कानडी निघे. सोनाबाईचे पाय जमिनीला लागत नव्हते. आडाचा राग आता जाईल, पाणी दणक्यात पुजायचे, असे तिने ठरवले. मी ते ऐकले. या चिमणीच्या ओठांना मी लागायचे! पण आडाला सांगता कुठे येते? ज्याने पाणी मागितले त्याला द्यायचे, एवढेच मला येते.

तो दिवस उजाडला. दोन दिवस पाऊस पडून उघडला होता. काठ सारवला होता, पाच खडे मांडले होते. सुवासिनी जमल्या. कासीमची बायको नूरबीही बाजूला कौतुकाने बघत उभी होती. हळदकुंकू वाहिले, थोडे माझ्यातही पडले. जगदेवीने पोहरा ओढला. भीमा गेल्यापासून सोनाबाई पाणी नेहमी गाळून घेई. तिने घागरीच्या तोंडावर नवे पांढरे फडके धरले आणि जगदेवीने पोहरा ओतला.

फडके गुलाबी झाले.

"कुंकू!" एक बाई ओरडली. "आडानं कुंकू दिलं! राग गेला की गं!"

सगळ्यांनी हात जोडले. सोनाबाईच्या डोळ्यांत पाणी आले. तिने घागरीत ओंजळ बुडवली आणि नातीच्या तोंडाकडे नेली. खडक फोडून ओरडावे असे मला झाले.

नूरबी मात्र फडक्याकडे बघत होती. तिच्या नवऱ्याचे कपडे ती रोज धूत होती. "अगे सोनाक्का, जरा थांब!" ती म्हणाली आणि तिने बाप्यांच्या घोळक्यातल्या कासीमला हाक मारली.

कासीमने फडके बोटांत चोळले. उजेडाकडे धरले. त्याचा चेहरा उतरला.

"सोनाक्का, हे कुंकू न्हाय."

"आजच्या दिशी असं वंगाळ बोलू नगं, कासीमभाई."

"माज्या हातचा रंग मला कळत न्हाय व्हय? ह्यो लुगड्याच्या काठाचा लाल हाय. हौदाचा गाळ आमीच केराच्या गाडीत वततो, आन् गाडी कुटं येती? हितंच. त्या खड्ड्यात." त्याने मावळतीकडे हात केला. "आपून पानी कुटनं फोडलं ते आठवतंय न्हवं?"

ज्ञानबा खाणीकडे बघत राहिला. ज्या चिरेतून मी जन्मलो, ती चीर त्याच बाजूची होती. जगदेवीने एकदम लेकराचे तोंड आपल्या तळहाताने झाकले. "बेडा, अत्ती, बेडा!" ती म्हणाली. नको, सासूबाई, नको. ते समजायला कोणाला कानडी यावी लागली नाही.

सोनाबाईची ओंजळ तशीच होती. त्यातले पाणी बोटांमधून गळत होते. तिला आडाचा अपमान करायचा नव्हता, हे मला कळत होते. "धुऊन बघू," ती शेवटी म्हणाली. नूरबीने घरातून नळाच्या पाण्याचा तांब्या आणला. सोनाबाईने आधी आपली कुंकवाची बोटे धुतली. कुंकू गेले. मग तांब्यातल्याच पाण्याने फडके धुतले, घासले, पिळले, पुन्हा धुतले. गुलाबी डाग होता तिथेच राहिला.

सोनाबाई माझ्या काठावर मटकन बसली. "आडाचा राग न्हवता गं," ती म्हणाली. "त्या खड्ड्यातली घाण हुती. आन् मी तिला लक्ष्मी म्हनून दरसाल दिवा लावला. माज्या भीमाला नेलं तिनं, तरी लावला!" ती रडली तशी त्या दिवसानंतर मी तिला कधी रडताना ऐकले नाही.

मग तिने डोळे पुसले आणि नूरबीपुढे हात केला. "तांब्यात हाय का उरलेलं?"

"नूरबीच्या घरचं पानी? पुजेला?" मागून कोणीतरी कुजबुजले.

"इतकी वर्सं एकाच आडाचं पितोय की समदी," सोनाबाई म्हणाली. "आडानं कदी इचारलं न्हाय, मी कशाला इचारू?"

तिने नळाच्या पाण्यात बोट बुडवले आणि नातीचे ओठ ओले केले. बाळाने मिटक्या मारल्या. माझ्या जिवात जीव आला.

पुढच्या सुटीच्या दिवशी ज्यांनी मला खोदले होते, त्यांनीच मला झाकले. कासीम आणि ज्ञानबाने फरशी सरकवली, तेव्हा दोघेही एकमेकांकडे बघत नव्हते. मला वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पण त्यांनी केले ते बरोबर होते. बाप्ये तक्रार घेऊन कचेरीत गेले. साहेब नाकाला रुमाल लावून खाण बघून गेले. वस्तीला नळ मिळायला आणि गाड्या थांबायला बराच काळ लागला. तोवर बायकांनी लांबून पाणी आणले, कधी कुरकुरत, कधी भांडत. पण लेकरांची हगवण थांबली. गाड्या थांबल्या आणि धूर गेला, तसा खोकलाही कमी झाला. खड्डा मात्र अजून तसाच आहे. वर गवत उगवले, तरी आतली घाण माझ्याकडे झिरपतेच आहे. टाकणाऱ्याच्या दारातून ती गेली, पण गेली म्हणजे नाहीशी झाली असे नाही, मित्रांनो. ती कुणाच्या तरी दारात येऊन बसते आणि जमिनीखालून हळूहळू कुणाच्या तरी घागरीत उतरते. काही टाकायच्या आधी एवढे मनात आणा, की तिथे कोणाचे लेकरू पाणी पिते? दुसरे काही मी मागत नाही.

दिवाळीला सोनाबाई अजून पणती आणते. खाणीकडे ती बघतसुद्धा नाही. पणती माझ्या फरशीवर लावते.

तिची नात सोजरा आता मोठी झाली आहे. वस्तीतल्या माझ्या सगळ्या लेकरांत माझे पाणी न प्यालेली ती पहिलीच. रोज फरशीवर बसून ती सागरगोटे खेळते. मघाशी तिने फटीतून एक खडा आत टाकला आणि कान लावला. डुबुक असा आवाज झाला.

"आज्जे, आडात पानी हाय की अजून!"

"हाय की. लई हाय," सोनाबाई म्हणाली.

"मग आपून पीत का न्हाय?"

"त्याला ताप आलाय, बाय. निजू दे त्याला."

सोजराने थोडा विचार केला. मग ती फरशीवर पालथी पडली आणि कपाळाला हात लावून बघावे तसा तिने आपला तळहात माझ्या फरशीवर ठेवला.