उरलेलं वाक्य

सेक्रेटरीबाईंनी तिच्या डोळ्यांवर रुमाल बांधला आणि गाठ दोनदा ओढून पाहिली. काही दिसतंय का, म्हणून विचारलं. तिनं नाही म्हणून मान हलवली. मग दोघीजणींनी तिचे दंड धरून तिला स्टेजच्या पायऱ्या चढवल्या. समोर खुर्च्या करकरल्या आणि कोणीतरी हसू दाबायचा प्रयत्न करता करता जोरात शिंकलं.

क्लबच्या मंडळींच्या पोटात गुपित राहत नसे. सकाळपासून जो तो तिच्याकडे बघून गालातल्या गालात हसत होता. दातांच्या डॉक्टरांनी तर तिला पाहून चक्क डोळा मिचकावला होता. खोली मिळाली, एवढं तिनं ओळखलं होतं. फक्त त्यासाठी स्टेज कशाला, हे तिला कळत नव्हतं. पण या माणसांना स्टेजशिवाय साधं घोंगडंही देता येत नाही, हेही तिला ठाऊक होतं.

सैनिकांच्या घरच्यांसाठी हा क्लब वाटेल ते करी. मुलांची शिक्षणं, म्हाताऱ्यांची ऑपरेशनं, परत आलेल्यांना नोकऱ्या. नवरा सीमेवर असलेल्या बायकांना क्लबच्या मागच्या खोलीत काम मिळे, मोजे, साबण, बिस्किटं खोक्यात भरून चिकटपट्टी लावायचं. तीही तिथंच होती. गेल्या महिन्यात अशीच एका खोक्याला पट्टी लावताना, सेक्रेटरीबाई एकट्या सापडल्या म्हणून तिनं हिय्या केला होता.

"बाई, मला एक खोली हवी होती. हे यायच्या आत. मी आणि मुलगी..."

पुढच्या शब्दांची वाट पाहायची क्लबची पद्धतच नव्हती. मागणाऱ्याला लाज वाटू नये म्हणून त्याला पुरतं बोलू द्यायचं नाही, अर्धं ऐकायचं आणि उरलेलं आपण समजून घ्यायचं, हा तिथला जुना दंडक होता आणि त्याचा सगळ्यांना रास्त अभिमान होता. सेक्रेटरीबाईंनी तिचा हात दाबला. "बस. कळलं मला. आता एक अक्षर बोलू नकोस." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या दिवशी ती इतकी हलकी होऊन घरी गेली की मुलीला शाळेतून आणायचंच विसरली आणि अर्ध्या वाटेतून उलटी पळाली.

स्टेजवर बूट वाजले. एक पाऊल नीट, दुसरं जरासं घासत.

तिची हनुवटी आपोआप छातीला टेकली. खांदे वर आले आणि गळा झाकला गेला.

"लाजली बघा, लाजली," खालून कोणीतरी म्हणालं, आणि टाळ्यांचा पाऊस पडला.

रुमाल सुटला. समोर तिचा नवरा उभा होता, इस्त्रीच्या कपड्यांत, हातात कोणीतरी दिलेली फुलं. शेजारी मुलगी होती, तिला नवा फ्रॉक घातला होता. दोन दिवस पोरीनं तोंडात घास घेतला नव्हता, ताप असेल म्हणून तिनं औषध दिलं होतं. पोरीला आधी सांगून ठेवलं होतं तर. शाबासकी मिळावी म्हणून ती आईच्या तोंडाकडे बघत होती की आणखी कशासाठी, कोण जाणे.

अध्यक्ष माइकवर आले. ते बँकेतून निवृत्त झालेले, आवाज अजून काउंटरपलीकडे पोचणारा. एका बहिणीनं आपल्याजवळ घर मागितलं, ते म्हणाले, नवरा यायच्या आत. तेव्हा आम्ही ठरवलं की नुसतं घर कशाला, घरधनीही देऊ. ओळखीपाळखी काढल्या, वरपर्यंत खेटे घातले आणि आपल्या जवानाला मुदतीआधी मोकळं करून आणलं. हॉल हसला, मग रडला. शेवटच्या फोनवर नवरा म्हणाला होता की मी सीमेवरची मुदत वाढवून मागितलीय. का, ते त्यानं सांगितलं नव्हतं. तिनंही विचारलं नव्हतं.

फुलं देताना तो तिच्या कानाशी वाकला.

"मला यांनी सोडवलं, हे काल कळलं. नाही म्हणता आलं नाही."

त्याचे हात थंडगार होते. ती हसली, कारण फोटो काढणारा समोर बसला होता.

घर क्लबच्या आवारातच होतं, हॉलच्या मागे. सगळी वरात तिकडे निघाली. दोन खोल्या, रंगाचा वास, खिडकीतून समोर हॉलची भिंत. बाहेरच्या खोलीत मुलीची छोटी कॉट, आतल्या खोलीत मोठा पलंग आणि अध्यक्षीणबाईंनी स्वतः घातलेली चादर. क्लबमधल्या सुतारानं पदरमोड करून कपाट केलं होतं आणि ते दाखवल्याशिवाय तो कोणाला पुढे सोडत नव्हता. किल्ली नवऱ्याच्या हातात दिली गेली. एकेक वस्तू दाखवताना सेक्रेटरीबाई तिच्याकडे वळून बघत, आणि ती प्रत्येक वेळी छान म्हणत होती. आता इथून कुठं जाणार? पळायचं तरी यांच्याच फाटकातून, यांनाच नमस्कार करत.

नवरा कपाटाकडे बघतच नव्हता. त्यानं आतल्या खोलीचं दार लावलं, उघडलं, दोन्ही बाजूंनी हात फिरवला.

"याला आतून कडी लावून द्या," तो सुताराला म्हणाला.

"कुलूप आहे की. बाहेरून किल्लीनं उघडतं."

"म्हणूनच. आतून कडी हवी. आत्ता."

बायका खुसखुसल्या. इतक्या दिवसांनी भेटलेत, असं कोणीतरी म्हणालं. तो थांबला, हसू विरेपर्यंत.

"या दोघी आत झोपतील. मी बाहेर."

"कळलं मला," सेक्रेटरीबाई पुढे झाल्या. "दमला आहात तुम्ही, प्रवास..."

"नाही कळलं. ऐकून घ्या. मागच्या रजेत मी हिचा गळा धरला. पहिल्यांदा झोपेत होतो. दुसऱ्यांदा जागा होतो."

मागे उभ्या असलेल्यांपर्यंत ते पोचलं नाही, ते चहाचं विचारत राहिले. पुढचे सगळे एकदम तिच्या गळ्याकडे बघू लागले. तिथं आता काहीच नव्हतं.

तिला बरं वाटायला हवं होतं. तिला राग आला, डोळ्यांपुढे अंधारी यावी इतका. इतके दिवस ती हे एकटी घेऊन फिरत होती, एका अर्ध्या वाक्यापलीकडे तिला कोणी जाऊ दिलं नव्हतं. त्यानं तोंड उघडलं आणि सगळ्यांनी ऐकलं. तिचं दुखणंसुद्धा त्याच्या तोंडून आलं तेव्हा खरं झालं.

सुतारानं निमूट पेटी उघडली. अध्यक्ष कपाटाचं दार उघडून आत बघत राहिले. काम झाल्यावर सुतारानं कडी सरकवून दाखवली, पण दाखवायचं कोणाला हे न कळून त्यानं हात मागे घेतला.

"सगळ्यांचा एक फोटो राहिलाय," फोटोवाला दारातून म्हणाला. त्याला काही माहीत नव्हतं.

तिनं मुलीचा हात धरला, आतल्या खोलीत गेली आणि कडी लावली. ती नवी होती, जड सरकली.

बाहेर कुजबुज झाली, पावलं मागेपुढे झाली. मग दारावर हलकी टकटक.

"बाळ, मी आहे. फक्त मी. उघड, आपण बोलू." सेक्रेटरीबाईंचा आवाज ओळखू येत नव्हता.

"मी खोली मागितली होती," ती दाराला तोंड लावून म्हणाली. "ह्यांच्यासोबत नाही. ह्यांच्यापासून लांब."

नवराही बाहेरच होता, त्यानं ऐकलं असणार. ऐकू दे, तिला वाटलं. मुलगी पलंगाच्या कडेला टेकली आणि एकेक बूट काढू लागली.

मग सेक्रेटरीबाईंनी दारापलीकडून विचारलं,

"कुठं हवी तुला?"

हे कोणी विचारेल, असं तिनं कधी धरलंच नव्हतं. मग तिनं सांगायला सुरुवात केली, गावाचं नाव, तिथली शाळा, ओळखीची एक शिवणकाम करणारी बाई, दोघींपुरती खोली. बाहेरून मध्ये कोणी बोललं नाही. ती सांगत राहिली, पण कडी काढली नाही.