तीन दिवस न उठलेली पंगत

हे कुणाला खरं वाटायचं न्हाई. उमरीच्या बाजारात सांगितलं तर लोक हसतील, अन् लातूरच्या इंजिनिअरांपुढं सांगितलं तर ते पुरावा मागतील. पण आपल्या या गावात एक पंगत तीन दिवस बसली होती, आणि शाळेचा हा व्हरांडा वाकडा आहे तो तिच्यामुळंच. सरका जरा आत, लेकरांनो, उन्हात बसू नका. आणि चतुराबाईला ऐकू जाऊ देऊ नका. ती तिकडं खांबाआड तांदूळ निवडत बसलीय.

गोष्ट तिचीच आहे. शाळेत खिचडी शिजवायचं काम तिला लागलं तेव्हा जुनी इमारत होती. चार खोल्या आणि त्यांच्यापुढं एकच अरुंद व्हरांडा. पहिली दोन वर्षं वरच्या आळीतली लेकरं घरून डबे आणायची. चतुराबाई खालच्या वस्तीतली. तिच्या हातचं नको, असं तोंडानं कुणी म्हणायचं नाही, डबाच बोलायचा. पण अंगणात ना झाड ना पत्रा. जमीन अशी तापायची की कावळा उतरला तर एका पायावर नाचून परत उडायचा. सावली काय ती व्हरांड्याची, दोन हात रुंद. गुडघ्याला गुडघा लावल्याशिवाय बसायची सोयच नव्हती. आणि गुडघ्याला गुडघा लागला की नजर शेजारच्या ताटात जातेच.

तिसऱ्या वर्षी किराणावाल्या संगमेश्वरची मंजुश्री पहिलीत आली. तिनं एक दिवस आपला डबा शेजारच्या लुंबिनीपुढं सरकवला आणि लुंबिनीचं ताट ओढून खिचडी खाल्ली. लुंबिनी म्हणजे चतुराबाईची नात. दिवाळीपर्यंत सगळे डबे बंद झाले. चतुराबाईनं फोडणीला श्रेय दिलं नाही. "या दोन हात सावलीनं केलं हे," ती म्हणाली.

त्या दोघी चौथीत गेल्या आणि नवी इमारत मंजूर झाली. लातूरहून रविकिरण नावाचे तरुण इंजिनिअर नकाशा घेऊन आले. सरळ लांब इमारत, मधोमध भिंत, दोन फाटकं. एक वरच्या आळीकडं, एक खालच्या वस्तीकडं.

"कुणाच्याच लेकराला वळसा नको. सोय बघितली, मावशी," साहेब म्हणाले.

"अन् भेटायचं कुठं?"

"कुणी?"

"लेकरांनी, साहेब."

"वर्गात भेटतील की."

"वर्गात मास्तर बोलतो. लेकरं व्हरांड्यात बोलतेत."

साहेब हसले. त्यांच्या हिशेबात व्हरांडा म्हणजे वाया गेलेली जागा होती.

चतुराबाई शाळा समितीच्या बैठकीत जाऊन उभी राहिली. सगळे माना खाली घालून बसलेले. तेव्हा एकच माणूस वाघासारखा उठला, समितीचे अध्यक्ष शेषेराव! "ही बाई म्हणते ते खरं हाय!" असे गरजले की छपराचे दोन पत्रे उडाले, ते भोकरच्या शिवारात सापडले. पण त्या नकाशाला समितीच्या संमतीचा कागद तोवर नांदेडला गेला होता. त्यावर सही कुणाची होती म्हणता? असेल कुणाची तरी. पुढं ऐका.

मंगळवारी साहेबांनी चुन्याची फक्की मारून जमिनीवर आखणी केली. आधी व्हरांडा पाडायचा होता. दुपारी जेसीबी आला, चालवणारा उदगीरकडचा मलप्पा. चतुराबाईनं पदर खोचला आणि व्हरांड्यापुढं चुन्याच्या रेषेवरच पोती टाकून लेकरांची पंगत बसवली.

"मावशी, उठवा की त्यांना," मलप्पा वरूनच ओरडला.

"बसलेली पंगत उठवतेत का रे? तुमच्याकडं उठवतेत?"

मलप्पानं इंजिन बंद केलं. भरल्या ताटावरून कुणाला उठवायचं नाही आणि पंगत मोडून आडवं जायचं नाही, हे तिकडंही तसंच.

"मग शेवटचं ताट कोणाचं हाय?"

"तुजं. उतर खाली, बस."

मलप्पा बसला. त्यानं बोट चाटायच्या आत चतुराबाईची पळी हजर. ताट रिकामं होईचना. साहेब तावातावानं आले, त्यांनाही तिनं बसवलं. सातव्या ताटानंतर साहेबांना उठताच येईना. गावातले येत गेले, बसत गेले. सरळ रेषेत जागा उरली नाही, तशी पंगत अंगणातल्या हापशाला वळसा घालून वाकली. बुधवार गेला. गुरुवारी पळी झिजून चमच्याएवढी झाली, पण हात थांबला नाही.

साहेबांना दुसरं कामच नव्हतं, ते बघत बसले. सरळ रांगेतलं लेकरू दोनच जणांशी बोलत होतं, डावीकडच्या आणि उजवीकडच्या. वाकलेल्या भागात मात्र समोरच्याचं तोंड दिसत होतं, अन् तिथं एकेक लेकरू दहा जणांशी भांडत होतं. वरच्या आळीतलं खालच्याशी, खालचं वरच्याशी. साहेबांनी बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं.

"मावशी," ते म्हणाले, "चुना द्या."

उठता येत नव्हतं, म्हणून जेवणाऱ्यांच्या पाठीमागून रांगत रांगत त्यांनी नवी रेघ ओढली, पंगतीसारखीच वाकडी. फाटक एकच, हापशाजवळ.

"दोन्हीकडच्यांना वळसा पडतो की, साहेब," मलप्पा म्हणाला.

"पडू दे. तेवढ्यात चार गोष्टी बोलून होतील."

तेव्हा कुठं चतुराबाईनं पळी खाली ठेवली. मंजुश्री आणि लुंबिनी सरकल्या, त्यांच्या मधी बसून तिनं आपलं ताट संपवलं, आणि पंगत उठली.

आणि शेषेराव? ते तिन्ही दिवस अन्नपाण्यावाचून जेसीबीच्या पुढं आडवे...

"शेषेरावभाऊ!"

खांबाआड सूप आपटलं. लेकरांनी माना वळवल्या.

"आँ? शेषेराव म्हंजे तुम्हीच हाव का, आबा?" पुढं बसलेली वर्षाराणी म्हणाली.

"तीन दिवस पंगत बसली म्हणा, पत्रे भोकरला गेले म्हणा," मांडीवरचा कोंडा झटकत चतुराबाई पुढं आली. "लेकरांना गंमत वाटते, मी बोलले न्हाई. पण आडवं कुणी पडलं नव्हतं, अन् दोन फाटकांच्या त्या कागदावर पहिली सही तुमचीच होती. ते बी सांगा की त्यांना."