वाणाला नाही म्हणत नाहीत

संक्रांतीच्या वाणाला कुठलीही सवाष्ण नाही म्हणत नाही. बापूसाहेबांना हे पक्कं ठाऊक होतं आणि तिथेच त्यांनी डाव साधला. पुरुषाला काही देऊ केलं तर तो हात मागे घेऊ शकतो. त्याच्या बायकोनं पसरलेला पदर मागे जात नाही.

बापूसाहेब एका बड्या विलायती कंपनीचे जबलपुरातले एजंट. लंडन, केप टाऊन, कलकत्ता, सगळीकडे कंपनीच्या कचेऱ्या, आणि प्रत्येकीच्या दारावर पितळी पाटी: 'सचोटी हीच आमची पुंजी'. लढाई ऐन भरात होती. इथल्या कारखान्यात तोफगाडे बनत आणि त्यांच्या चाकांच्या खिळी ही कंपनी पुरवत असे. कारखान्याच्या वतीनं त्या खिळी तपासून पसंतीचा ठप्पा मारायचं काम वसुधाच्या नवऱ्याकडे, चिंतामणीकडे, नुकतंच आलं होतं.

बापूसाहेबांच्या बायकोनं, हेमलतानं, कमानिया गेटजवळच्या घरी हळदीकुंकू केलं, तेव्हा वसुधा घमापुरातून हौसेनं गेली. इतरांना फण्या मिळाल्या. वसुधाच्या पदरात मात्र रुमालात बांधलेलं काहीतरी पडलं. घरी सोडून बघते तर चांदीचा करंडा. मोठ्या घरचं मोठं मन, असं म्हणत त्या भोळीनं तो देव्हाऱ्यात ठेवला आणि रोज त्यातलंच कुंकू लावलं.

मग एका संध्याकाळी चिंतामणी कामावरून आला आणि भरल्या ताटावर नुसता बसून राहिला. खोदून विचारल्यावर बोलला. नव्या खिळींवर हातोडी मारली की त्या बद्द वाजत होत्या, आत भेगा होत्या. माल परत करतो म्हणताच बापूसाहेब गोड हसले होते. वहिनींनी आमचं वाण घेतलंय, आता आपण घरचेच, म्हणाले. तरीही अडून बसलात तर चांदीची गोष्ट गोऱ्या साहेबाच्या कानावर घालावी लागेल. म्हणजे नोकरी जाणार, क्वार्टर जाणार, वर तोंडाला काळं.

"खीळ तुटली तर काय होते?" वसुधानं विचारलं.

"चाक निखळते. गाडा तोफेवरच्या पोरांच्या अंगावर जाते."

"मग तुम्ही विचार काहून करून राहिले?"

"करंडा तुझ्या देव्हाऱ्यात आहे," चिंतामणी म्हणाला.

वसुधाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. साऱ्या दुनियेत कचेऱ्या असलेल्या कंपनीला लाच दडवायला तिचंच कपाळ सापडलं होतं. चिंतामणीनं सुचवलं, करंडा गुपचूप त्यांच्या दाराशी ठेवून येऊ. ती उसळली. वाण माघारी टाकणं म्हणजे दुसरीच्या सौभाग्याला लाथ मारणं, आणि गुपचूप तर चोर जातात. ठप्पा मारू नका, बाकीचं मी पाहते, असं तिनं बजावलं.

रथसप्तमीला तिनं स्वतःचं हळदीकुंकू केलं. कारखान्यातल्या झाडून साऱ्या मराठी घरांना बोलावलं आणि हेमलतालाही. त्याच सकाळी चिंतामणीनं सगळ्या खिळींवर नापासाचा लाल रंग फासला होता. वसुधानं प्रत्येकीला हळकुंड-सुपारी दिली. हेमलतापुढे मात्र ती करंडा घेऊन उभी राहिली.

"हेमलतादीदी, हे वाण तुमच्या घरून आलं होतं. तडकलेल्या खिळींवर यांचा ठप्पा हवा होता, म्हणून आलं होतं. ठप्पा नाही मिळत. आता हे माझं वाण म्हणून घ्या."

हेमलताला यातलं काही ठाऊक नसावं, तिचा चेहराच पांढरा पडला. हात मागे घ्यावा असं तिला फार वाटलं असेल.

"वाणाला नाही म्हणत नाहीत," वसुधा म्हणाली.

हेमलतानं पदर पसरला. वसुधाला वाटलं, जिंकले. खुशाल काढोत आता नोकरीवरून, तोंड वर करून घमापुरातून निघू.

तेवढ्यात कोपऱ्यातली इंदिरा खाली मान घालून उठली. वसुधाच्या शेजारची ही. चिंतामणीच्या आधी ठप्पा तिच्या नवऱ्याकडे होता.

"मलाही मिळाला होता करंडा, गेल्या वर्षीच्या संक्रांतीला," ती म्हणाली. "यांनी ठप्पा मारलेल्या त्या खिळींचे गाडे कधीच बर्माला गेले, वसुधा."