कॉलरला लागलेला हात

काळ्यांच्या मुलांना पुलाजवळच्या शाळेत घ्यायचं, असा ठराव नगरपालिकेने सकाळी अकरा वाजता मंजूर केला. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. संध्याकाळी पाच वाजता नगरपालिकेनेही तसंच समजायचं ठरवलं.

इस्त्रीवालीच्या घरापासून ती शाळा चार मिनिटांवर होती, पण गोऱ्यांची. तिची सात वर्षांची मुलगी दोन बस बदलून काळ्यांच्या शाळेत जायची. निम्मी झोप बसमध्ये काढायची, उरलेली वर्गात. म्हणून नगरपालिकेच्या पायऱ्यांवर मूक बसायचं ठरलं, तेव्हा इस्त्रीवालीने पहिलं नाव दिलं.

महिनाभर तिच्याच स्वयंपाकघरात तालीम चालली. नियम एकच : हात मांडीवर, काही झालं तरी उचलायचा नाही. पोलीस व्हायला तिचा दीर तयार झाला, जरा जास्तच आनंदाने. त्याने वहिनीच्या डोक्यावर पाणी ओतलं, वेणी ओढली, माहेरचा उद्धार केला. तिने हूं की चूं केलं नाही. सासू म्हणाली, सून गप्प बसलेली मी लग्नापासून पहिल्यांदाच बघतेय, हे आंदोलन वर्षभर तरी चालवा.

इस्त्रीवाली एकोणीस वर्षं ज्या लॉन्ड्रीत होती, तिथे काळ्यांना मागच्या दाराने यावं लागे. पोलिसांचे शर्ट तिथेच यायचे, आणि पुढच्या दाराने. कॉलर हा तिचा खास प्रांत. कॉलरचं टोक जरा जरी मुडपलेलं दिसलं, तर मालक तो शर्ट सगळ्यांसमोर तिच्या टेबलावर आपटायचा.

त्या दिवशी चाळीस जण पायऱ्यांवर बसले. कोणी थुंकलं, कोणी अंडं मारलं. इस्त्रीवालीचे हात मांडीवर असे पडले होते, जणू घरी विसरून आली होती. आत अकराला ठराव झाला. बाहेर अजून कोणाला पत्ता नव्हता. सव्वाअकराला एक पोलीस तिला उचलायला खाली वाकला. त्याच्या कॉलरचं डावं टोक आत मुडपलेलं होतं.

हात कधी उठला, तिला कळलंच नाही. दोन बोटांनी तिने टोक बाहेर काढलं, सरळ केलं, वरून एकदा दाबलं.

"आता बरोबर," ती म्हणाली.

"थँक यू," पोलीस सवयीने म्हणाला, आणि मग त्याने तिला अटक केली.

दोन तास पायऱ्यांवरचं कोणीच न हलल्याने कंटाळलेल्या फोटोग्राफरला एवढं पुरलं. संध्याकाळच्या पेपरात पहिल्या पानावर काळा हात आणि गोरा गळा. खाली मथळा : शांततेचा बुरखा फाटला. पाच वाजता सभा पुन्हा भरली आणि सकाळी सभाच भरली नव्हती, असं एकमताने ठरलं.

दोन रात्री कोठडीत काढून ती घरी आली. दीर म्हणाला, "वहिनी, चुकलं माझंच. एवढं छळलं तुम्हाला, पण कॉलर मुडपायचं काही सुचलं नाही."

मुलीने विचारलं, उद्या बसच का. ती म्हणाली, बसच.

सोमवारी लॉन्ड्रीत गठ्ठा आला. त्यात तोच शर्ट होता, आत शिवलेला क्रमांक दोनशे चौदा, आणि डावं टोक पुन्हा मुडपलेलं. तिचा अख्खा बचाव तिच्या हातात होता. पण शर्ट नेला तर चोरी, आणि तसाच ठेवला तर कामचुकारपणा. मालक मागे उभा होता. तिने इस्त्री फिरवली. कॉलर सुरेख बसली.

त्या रात्री तिने सांगितलं आणि दिराने लिहून घेतलं :

"मा. नगराध्यक्ष यांस सविनय विनंती, की शर्ट क्रमांक दोनशे चौदाच्या कॉलरचे डावे टोक पूर्ववत मुडपण्यात यावे, तो शर्ट संबंधित पोलिसास घालण्यात यावा, आम्हा चाळीस जणांस त्याच पायऱ्यांवर बसू द्यावे, आणि सकाळचे सव्वाअकरा आम्हांस एकवार परत मिळावेत. या खेपेस अर्जदार कॉलरकडे बघणार नाही."