बिननावाची गाडी

गाडी सुरू झालीच नाही, असं रेणुकाबाईंना वाटलं. सोबत आलेल्या ड्रायव्हर आनंदराजनं बटण दाबलं, समोरचे दिवे लागले, पण इंजिनाचा आवाज म्हणून नाही.

"बंद हाय जणू," त्या म्हणाल्या.

"चालू हाय, बाई," ओट्यावर बसलेले बसलिंगप्पा म्हणाले. "आधी बॅटरीवर चालती. पेट्रोल मागून लागतं. मंग येतो आवाज."

गाडी खरंच हलली. अंगणात पुढं-मागं झाली आणि थांबली. रेणुकाबाईंचं समाधान झालं नाही. सगळी नोकरी नांदेडच्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून झालेली. फुकट आलेल्या औषधाची तारीख आधी बघायची, ही सवय हाडात भिनलेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी आणि जुन्या सोबत्यांनी मिळून एक काम धरलं होतं. देगलूरकडच्या खेड्यांतले किडनीचे पेशंट डायलिसिससाठी नांदेडला न्यायचे आणि परत घरी सोडायचे. त्यांची जुनी व्हॅन पावसाळ्यात कायमची बसली. तेव्हापासून पेशंट एस.टी.नं येत होते. काही येईनासे झाले होते.

आणि अशात देगलूरहून या अप्पांचा फोन. भुसार मालाचे जुने व्यापारी. ना ओळख, ना पाळख. "मोठी गाडी हाय. दान करायची. येऊन घेऊन जावा."

आनंदराज गाडीखालून अंग झटकत उठला. "सिस्टर, जुनी हाय, पण ठोकलेली वाटत न्हाई. बॅटरीचं मातर मला कळत न्हाई. ती गेली तर आपल्या आवाक्यातलं काम न्हाई."

असं आहे तर, रेणुकाबाई मनात म्हणाल्या. भाकड गाय दान करायची आणि वर पुण्य घ्यायचं.

"बॅटरी बदलली का कधी, अप्पा?"

"न्हाई. अजून लागली न्हाई. पुढचं मी कसं सांगू?"

उत्तर सरळ होतं. त्यामुळं त्यांचा संशय उलट वाढला.

"नाव कुठं टाकायचं? मागच्या काचेवर टाकू. तुमचं, न्हाईतर घरातल्या कुणाचं?"

"नाव नको. कुणाचंच नको."

रेणुकाबाईंनी पंख्याच्या पात्यावरसुद्धा दात्याचं नाव वाचलं होतं. नाव मागणारा माणूस त्यांना कळायचा. नको म्हणणाऱ्याचं काय करायचं?

"आन गाडी आजच न्या," अप्पा पुढं म्हणाले. "मन्मथला फोन करू नका. पोरगा हाय माझा. लातूरला कापडाचं दुकान हाय त्याचं."

"का नको करू? भांडण हाय का पोरासंग?"

"न्हाई."

"गाडीवर केस हाय? कुणी आलंय का चाकाखाली?"

"तुम्ही दवाखान्यात होत्या का पोलिसात?" अप्पा वैतागले. "कागद माझ्या नावावर हाय. गाडी माझी हाय. लोकं देत न्हाईत म्हणून तुम्ही परेशान, आन कुणी दिलं तर ही चौकशी!"

ते दुसरी चावी आणायला उठले. दोन पायऱ्या चढले आणि खांबाला धरून थांबले. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. उभ्या उभ्या ते दंड खाजवू लागले. कातडीवर आधीचेच ओरखडे होते.

इतका वेळ रेणुकाबाई गाडी तपासत होत्या. आता त्यांनी माणसाकडं बघितलं. चेहरा राखेसारखा. डोळ्यांखाली सूज. धोतराखाली घोटे टरारलेले. त्या जवळ गेल्या, खाली वाकल्या आणि काही न विचारता घोट्याच्या वर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खड्डा तसाच राहिला.

"डॉक्टरांनी डायलिसिस कधी सुरू करा म्हणलं, अप्पा?"

अप्पा हळूहळू पायरीवर बसले.

"मन्मथनं ड्रायव्हर ठरवलाय," ते म्हणाले. "सोमवारपासून नांदेडला न्यायचं म्हणून राहिलाय. गाडीच नसली तर कशात नेईल?"

"दुसरी आणंल."

"आणू दे. तवर तर सुटलो." त्यांनी गाडीकडं बघितलं. "शांतम्माला, माझ्या बायकोला, मी ह्याच गाडीत नेत होतो. चार वर्षं. एक बाई मशीनवर, आन सगळं घर तिच्यासाठी थांबून. दुकान थांबलं, जेवणं थांबली. ती म्हणायची, माझ्यापायी सगळे अडकलेत. मी पाहिलंय ते, बाई. माझ्यापायी कुणी थांबावं, हे मला सोसायचं न्हाई."

चोरीची गाडी असती तर रेणुकाबाई सरळ परत फिरल्या असत्या. ही गाडी न्यावी तर म्हातारा उपचार टाळायला मोकळा होणार होता, न न्यावी तर तिकडं खेड्यांत माणसं खाट धरून पडली होती.

त्यांनी पिशवीतून फोन काढला. "नंबर सांगा पोराचा. मी चोरून काही नेत नसते."

अप्पांनी तोंड फिरवलं. नंबर आतून स्वयंपाकाच्या शरणम्मानं सांगितला. लातूरला मन्मथ आधी भडकला, मग ऐकत गेला, आणि शेवटी 'न्या' म्हणाला. फोन ठेवून त्या अप्पांना म्हणाल्या, "गाडी नेते. सोमवारी सकाळी पेशंट घेऊन ह्याच वाटेनं जाणार. तुमच्या दारात थांबणार."

"मी येणार न्हाई."

"नका येऊ."

सोमवारी उजाडताना गाडी दारात उभी राहिली. मागं हणेगावकडचे दोघं आणि उमादेवी नावाची एक बाई. दार बंद होतं. आनंदराज हॉर्न वाजवायला गेला, रेणुकाबाईंनी हात धरला.

वेळ जात राहिला. शेवटी उमादेवीच खाली उतरली. पदर सावरत पायऱ्या चढली आणि दाराशी तोंड नेऊन म्हणाली, "अप्पा, मी उमादेवी. उशीर झाला तर माझा नंबर दुसऱ्याला देतेत."

"मंग जावा की," आतून आवाज आला. "कशाला थांबलाव?"

"सिस्टर हालू देत न्हाईत. तुमच्यासाठी थांबलोत समदे."

आत काहीतरी सरकवल्याचा आवाज झाला. मग कडी निघाली. बसलिंगप्पा बाहेर आले. दाढी केलेली, कपाळावर विभूती, धुतलेलं धोतर. रेणुकाबाईंकडं त्यांनी रागानं एकदा बघितलं. भिंतीला धरत, एकेक पायरी उतरत गाडीपाशी आले. शरणम्मा आधाराला पुढं झाली, तिला त्यांनी हातानंच मागं सारलं.

मागचं दार उघडून ते आत बघत उभे राहिले. मग चपला काढून हातात घेतल्या.

"कुठं बसू?" त्यांनी विचारलं.

उमादेवीनं आपली पिशवी मांडीवर घेतली आणि खिडकीकडं सरकली.