रिकाम्या ओंब्या

आईचं खुब्याचं हाड मोडलं म्हणून मी रजेवर गेले आणि जाताना कुंडी नणंदेच्या हवाली केली. आम्ही दोघी एकाच संशोधन केंद्रात कामाला. ताई गहू विभागात, मी गव्हाच्या रानटी चुलतभावंडांत. आमचे विभागही चुलत्यापुतण्यांसारखेच नांदतात, ते असो.

त्या कुंडीतलं रानगवत आता एकुलतं उरलं होतं. त्याच्या पेशींत नेहमीच्या गुणसूत्रांखेरीज चार जादाची होती. वरवर बिनकामाची, पण पिढ्यान्‌पिढ्या चिवटपणे टिकलेली. अशी जादाची असलेली बाकीची रोपं बुरशीने गेली; शेजारच्या कुंड्यांत उरली ती साधी. या एकाने दाणा धरला नाही, तर माझी इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात जाणार होती.

परतले तेव्हा आईला उचलून उचलून माझं अंग आंबलं होतं. काचघरात पाहते तर प्रत्येक ओंबीवर कागदी पिशवी आणि गळ्याशी सुबक गाठ.

"फुलायच्या आधीच बांधल्या गं," ताई कौतुकाने म्हणाल्या. "म्हटलं, बाहेरचा एक परागकण आत शिरायला नको."

गव्हाला हे चालतं. गहू स्वतःच्याच परागावर घरच्या घरी भागवतो. हे गवत मात्र शेजारच्या कुंडीतला पराग आल्याशिवाय दाणा धरत नाही. पण थोरल्या नणंदेवर ओरडायचं कसं? मी तेवढं सांगितलं आणि गाठी सोडत गेले. ओंबी पोकळ. पुढचीही पोकळ. ताईंचा चेहरा पडला. मला इतका संताप आला होता की रडूसुद्धा येईना.

"ही बघ, ही माझ्या नजरेतून सुटली," ताई हळूच म्हणाल्या. कुंडी आणि काच यांच्या फटीत एक ओंबी वाकून अडकली होती, पिशवीशिवाय. चोळली, तर तळहातावर तीन दाणे.

ताईंना लगेच हुरूप आला. "उद्याच रुजत घालू! मुळाचं टोक सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की कळेल, जादाची उतरलीत की नाही."

पुन्हा गव्हाचाच खाक्या.

"या गवताच्या मुळांत ती राहतच नाहीत, ताई. मुळं कायम साधीच दिसतात. ती सापडतात ओंबीत, तेव्हा ओंबी येईपर्यंत थांबावं लागेल."

"म्हणजे पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी."

मी स्टुलावर बसले. आणखी एक वर्ष, आणि तेही नुसतं आशेवर.

ताईंनी एप्रनच्या खिशातून उरलेल्या पिशव्या काढल्या आणि माझ्या मांडीवर ठेवल्या.

"या तुझ्याकडेच ठेव," त्या म्हणाल्या. "बांधल्याशिवाय माझा हात राहायचा नाही."