हलणं आणि पोहणं

देवणीत कापडाचं दुकान चालवणाऱ्या उमाशंकरना लातूरच्या दवाखान्यात आणून चौथा दिवस होता. डोक्यात रक्तस्राव झाला होता. मेंदू पूर्ण मेलाय, हे डॉक्टरांनी दोनदा तपासून सांगितलं. आता श्वासाचं मशीन काढायला घरच्यांनी हो म्हणायचं तेवढं राहिलं होतं, आणि त्यांची बायको गौरम्मा हटून बसली होती.

"छाती हलायली की त्यांची," ती लेकीला, दामिनीला म्हणाली. "हलतंय त्याला मेलं कसं म्हणू मी?"

दामिनीला रडू आलं. या एका प्रश्नानेच तिला एकदा तोंडघशी पाडलं होतं. नांदेडला ती जिवाणू कसे पोहतात यावर संशोधन करत होती. पहिल्या वर्षी तिने सूक्ष्मदर्शकाखाली हलणारे जिवाणू जिवंत समजून मोठ्या हौसेने मोजले आणि वही भरली. तिच्या मार्गदर्शक सरांनी बघितलं आणि कपाळावर हात मारला. सगळे मेलेले होते. पाण्याचे कण चहूबाजूंनी धक्के देतात, म्हणून मेलेला जिवाणूही जागच्या जागी थरथरतो. जिवंत असतो त्याच्या अंगातली मोटर शेपट्या गरगर फिरवते. तो सरळ सुटतो, गिरकी घेतो, नव्या दिशेने निघतो. महिनाभर तिने मेलेल्यांची हजेरी घेतली होती.

हे तिने आईला, अव्वाला कळेल असं सांगितलं. अप्पांची छाती मशीन हलवतंय, अप्पा नाहीत. गौरम्माने नवऱ्याच्या कपाळावरची विभूती उगाच सारखी केली. मग हळूच विचारलं, "मशीन काढलं तरी थोडा येळ चालंल न्हवं श्वास? पायडल मारायचं सोडलं तरी सायकल जाती तसा?"

दामिनीला ठाऊक होतं. जिवाणूएवढ्या जिवाला पाणी काकवीहून दाट भासतं. मोटर थांबली की तो तिथल्या तिथे थांबतो, अणूएवढाही पुढे सरकत नाही. अप्पांचा श्वासही तसाच थांबणार होता. पण अव्वाच्या तोंडाकडे बघून तिचा धीर सुटला.

"चालंल, अव्वा. थोडा येळ."

गौरम्माने मान हलवून मशीन काढायला हो म्हटलं.

दुपारी मशीन काढलं. छाती खाली गेली ती वर आलीच नाही. गौरम्मा नवऱ्याचा हात धरून वाट बघत बसली. डॉक्टर वेळ लिहून गेले, तरी ती बसूनच होती.

"त्यांचा सोताचा श्वास चालंल तवा मला बोलायचं व्हतं त्यांच्याशी," शेवटी ती म्हणाली. "तू थोडा येळ म्हणली व्हतीस."